रूपाबाईची तीज

साखऱ्याहून माळाच्या वाटेनं कोसभर गेलं की एक तांडा लागायचा. तिथं श्रावणातली तीज रूपाबाईशिवाय पेरली जात नसे. गहू किती भिजवायचा, टोपलीत वारुळाची माती किती नि शेणखत किती, सगळं तिला विचारून. नऊ दिवस बिनलग्नाच्या पोरी त्या टोपल्यांना पाणी घालायच्या, फेर धरायच्या आणि दहाव्या दिवशी गव्हाचे कोंब ओढ्यात सोडायच्या. रोजचं गाणं वेगळं, आणि सगळी गाणी एकट्या रूपाबाईला पाठ. नवरा लवकर गेलेला, पोटी लेकरू नाही. तांड्यातल्या पोरींनाच ती आपल्या म्हणायची.

१९९६च्या तिजेत पूजाची टोपली कुजली. पूजा म्हणजे तांड्याचा नायक मोहनसिंग याची एकुलती लेक, पंधरा वर्षांची. इतरांच्या टोपल्यांत वीतभर कोंब, हिच्या टोपलीत काळी बुरशी. रूपाबाईनं माती उकरून पाहिली.

"पाणी जास्त झालं गं. सारखी ओतून राहिली तू."

पूजा हसली. तिसऱ्या दिवशी तिला ताप भरला, डोळे पिवळेजर्द झाले. झाडपाल्यात चार दिवस गेले आणि हिंगोलीला दवाखान्यात नेताना जीपमध्येच तिनं मान टाकली.

तेरावा झाल्यावर मोहनसिंगानं जळबा नावाचा जाणता, म्हणजे डाकीण हुडकणारा भगत, आणला. त्यानं भर दुपारी सगळ्या बायकांना ओळीनं बसवून मूठभर तांदूळ चावायला लावले. जिचे तांदूळ कोरडे राहतील, ती डाकीण. भीतीनं रूपाबाईच्या घशाला कोरड पडली होती. तिनं थुंकलेले तांदूळ जसेच्या तसे पांढरे निघाले.

"पोरीच्या टोपलीत हात कुणी घातला व्हता?" जळबानं विचारलं.

सगळ्या तिच्याकडे बघू लागल्या.

"नायक, न्हाऊ घातलंय मी तिला. मी काहून खाईन रे तिला?"

बायकांनीच तिला धरलं. केस कापले. दात नसले की डाकिणीचा मंत्र चालत नाही, असं जळबा म्हणाला, म्हणून दगडानं पुढचे दात पाडले. तिची सख्खी जाऊ केशरबाई तिच्या छातीवर बसली होती. मग तिचं झोपडं पेटवलं आणि तिला सडकेपर्यंत हाकलत नेलं.

वसमतला ती हळद निवडायच्या कामाला लागली. नऊ वर्षं तांड्यातलं कुणी फिरकलं नाही. दहाव्या वर्षी केशरबाईचा विकास टेप घेऊन आला.

"काकी, म्हाताऱ्या मेल्या. पोरींना गाणी येईनात. नायकानं धाडलं मला."

रूपाबाईनं हात धुतले आणि गायला बसली. दोन दिवस गायली. दातांच्या फटीतून शब्द निसटत होते.

"काकी, साफ म्हणा जरा," विकास टेप मागे फिरवत म्हणायचा.

शेवटची कॅसेट भरली तेव्हा तिनं विचारलं, "मी येऊ का रे? लांबून बघीन."

"आवाज पुरे हाय, काकी."

तरी ती गेली. तिजेच्या दहाव्या दिवशी एसटीतून उतरून ओढ्याच्या अलीकडे बाभळीखाली उभी राहिली. पलीकडे भोंग्यातून तिचाच आवाज येत होता आणि टोपल्या डोक्यावर घेऊन पोरी फेर धरत होत्या. यातल्या एकीचंही नाव तिला ठाऊक नव्हतं. तिचे ओठ गाण्याबरोबर हलू लागले.

केशरबाई तिला पाहून किंचाळली. पोरी थांबल्या. म्हातारा मोहनसिंग काठी टेकत काठावर आला, त्यानं रूपाबाईकडे नीट पाहिलं.

"टेप बंद करू नका," तो पोरींना म्हणाला. "तीज अर्धी सोडायची न्हाई."

आणि वाकून त्यानं दगड उचलला. त्याच्यामागे बाकीच्यांनीही उचलले.

दुसऱ्या दिवशी रूपाबाई एका हातानं हळद निवडत होती. दुसरा फडक्यात बांधून गळ्यात अडकवला होता.

"काय झालं वो?" शेजारच्या बाईनं विचारलं.

"पडले," रूपाबाई म्हणाली.