दामिनीची लेक

लहानपणी आलेल्या तापानंतर दामिनीला ऐकू येत नव्हतं. कळमन्याजवळच्या वस्तीत ती ब्लाउज शिवायची; नवरा संघपाल मालाचा टेम्पो चालवायचा. मयुरा झाली तेव्हा बाळंतपणासाठी पारशिवनीहून सासू तुळसाबाई आली आणि आठवड्यातच लेकाला म्हणाली, "मायले ऐकूच येत नाही, तं लेकरू रडलेलं समजन कसं? बोलू लागेपर्यंत मी नेतो पोरीले."

दामिनीने तिचे ओठ वाचले. मान हलवली. नाही.

तिने आपल्या परीने बंदोबस्त केला. पाळणा शिलाई मशीनसमोर आणला. पाठ फिरवायची असली की मऊ कापडाची एक लांब पट्टी बाळाच्या पायाला सैल बांधायची आणि दुसरं टोक आपल्या मनगटाला. पाय हलला की हातातली कात्री खाली. पोर उगाच हललेली असली तरी दामिनी तिच्यासमोर चेहरा नेऊन, भुवया उंचावून विचारायची, काय हवंय?

मयुरा रांगू लागली तोवर तुळसाबाईच्या एक गोष्ट ध्यानात आली. पोर आजीजवळ टाहो फोडते, आईजवळ मात्र नुसते पाय झाडते. "पोरगी मुकी होऊन राहिली बाप्पा!" म्हणत तिने नातीला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी पाठीमागून खुळखुळा वाजवला. पोर झटकन वळली.

"ऐकू चांगलं येतं, आजी. रडून आई येत नाही, पाय हलवला की येते, एवढं तिला कळलंय."

तुळसाबाईला ते पटलं नाही. त्या पावसाळ्यात दामिनी डेंग्यूने आडवी झाली, तेव्हा तिने मयुराला पारशिवनीला नेलंच. तिथे दूध वेळेवर होतं, घ्यायला मांड्या भरपूर होत्या. पोर पाय झाडायची, येईल त्या बाईचं तोंड निरखायची आणि रडायची. मग पाय झाडणं थांबलं, रडणंही थांबलं. "कित्ती शहाणी हाय वं!" शेजारीण म्हणाली. तुळसाबाईला ते शहाणपण बघवेना. दामिनी उठून बसू लागल्याचा फोन येताच तिने एसटी धरली.

दारात दामिनीने हात पुढे केले. मयुराने तोंड फिरवून आजीच्या खांद्यात खुपसलं. दामिनीचे डोळे भरले, पण तिने पोरीला ओढून घेतलं नाही. फरशीवर बसून बघत राहिली. दुपार तशीच गेली. उन्हं उतरताना मयुराने टाच आपटली. दामिनी लगेच समोर. जरा वेळाने पुन्हा आपटली. आई पुन्हा हजर. मग पोर रांगत येऊन तिच्या मांडीवर चढली आणि गळा काढून रडली. ते दामिनीला पोरीच्या पाठीवर ठेवलेल्या हातातून कळलं.

मयुरा आता अंगणवाडीत जाते. आजीशी तोंडाने बोलते, आईशी हातांनी, आणि भांडते दोघींशीही. तुळसाबाई अधूनमधून येते, पण पोरीला नेण्याचं पुन्हा बोलली नाही. नातीकडून खुणा शिकते. परवा सुनेला जेवलीस का विचारायला गेली आणि बोटं भलतीकडेच वळली. दामिनीला हसू आवरेना.

"हासू नोको वं," तुळसाबाई म्हणाली, "शिकून राहिली ना मी!"