त्रिवेणीचा तिसरा महिना

अंबरपेठेतल्या त्या चार मजली इमारतीत कुजबूज अशी होती, की हणमंतरावांच्या त्रिवेणीला तिसरा महिना लागलाय, आणि तोही लग्नाआधी. बातमी मालनबाईंची, म्हणजे पक्की. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी त्रिवेणीच्या खोलीसमोर. सकाळी कोथिंबीर निवडताना त्यांनी खुद्द त्रिवेणीच्या तोंडून ऐकलं, इंग्रजीत: मला तिसरा महिना आहे, माझ्या नवऱ्याला माहीत नाही. नवरा कुठला, हा प्रश्न तर आणखी चविष्ट. दोन दिवसांत बातमी एवढी फिरली, की बेगम बाजारात चतुराबाईंना, म्हणजे त्रिवेणीच्या आईला, शेजारच्याच एका बाईने हसत विचारलं, यंदा चिंच जास्ती लागंल ना?

त्रिवेणी एकोणतीस वर्षांची. कोठी भागातल्या एका क्लासात स्पॅनिश शिकली, आणि आता सकाळी सहापासून घरूनच काम करते. अमेरिकेतल्या दवाखान्यात पेशंट स्पॅनिश बोलणार, डॉक्टर इंग्रजी, आणि मध्ये फोनवर दुभाषी ही. पेशंटचं अवाक्षर बाहेर काढायचं नाही, अशी सही करून दिलेली.

आईने दार लोटून खालच्या आवाजात विचारलं, "खरं सांग, काय हाय?"

"तूबी इचारतीस? कामातलं बोलणं होतं ते. जास्ती सांगायची इजाजत नाही मला."

चतुराबाईंनी मान हलवली, पण नजर पोरीच्या पोटावरून हलेना. त्रिवेणीला त्या नजरेचीच किळस आली.

पुढच्याच शनिवारी सुपारी फुटायची होती. मुलगा ओंकार, घर शहरातच, कोंडापूरला, मूळ पुण्याचं. दिवाळीनंतर नोकरीसाठी डॅलसला जाणार. बातमी कोंडापूरलाही पोचली होती. त्याची आई अनुराधाबाई त्याला घेऊन आधीच येऊन बसल्या. सकिनालू, म्हणजे इकडच्या तांदळाच्या चकल्या, खात त्यांनी चतुराबाईंच्या बोलण्यातल्या 'नक्को'ला दोनदा हसून घेतलं. हणमंतरावांनी कौतुकाने पत्रिकेचा मसुदा ओंकारच्या हातात दिला. त्याने तो तसाच आईकडे सरकवला; मराठी वाचायला त्याला वेळ लागतो म्हणे. यावर अनुराधाबाईंच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, कौतुक होतं.

मग त्या मुद्द्यावर आल्या. "आम्ही जुन्या विचारांचे मुळीच नाही हो. फक्त एकदा सोनोग्राफी करून घेऊ. सगळ्यांच्याच मनाला शांती."

हणमंतरावांनी सकिनालूची ताटली पुढे सरकवली. ओंकार मोबाइल बघत होता.

"आणि ते स्पॅनिश आता पुरे," बाईंनी दुसरा सकिनालू उचलला. "डॅलसला माझी नणंद आहे ना, ती सांगते. तिकडे ती भांडी घासणाऱ्यांची भाषा. आपल्यालाही त्यांच्यातलेच समजतात लोक."

त्रिवेणी हा सूर रोज ऐकत होती. तिकडच्या पेशंट बायांच्या लेकी फोनवर ठसक्यात इंग्रजीत सांगत, आमच्या आईला येतं इंग्रजी, उगाच हट्ट करते. आणि मागे ती आई स्पॅनिशमध्ये रडत असे. त्या लेकींना आईची लाज वाटायची. इथे तर आईच पोराची भाषा पुसून त्याला कोरा करून बसली होती, आणि आता सुनेला पुसायला निघाली होती. त्रिवेणीला खरोखरच मळमळलं. मालनबाई तिथे असत्या तर त्यांना एक पुरावा आणखी मिळाला असता.

"काकू," ती म्हणाली, "सोनोग्राफी नक्को. सुपारी बी नक्को."

पाहुणे चहा अर्धा टाकून गेले. इमारतीने नकाराचा अर्थ सोयीने लावला: बघा, तपासणीला घाबरली. चतुराबाई आठवडाभर लेकीशी बोलल्या नाहीत. त्रिवेणीने कुणालाही काही सांगितलं नाही. सोमवारी सहाला कानाला हेडफोन लावला आणि खिडकी उघडीच ठेवली.

खरं एवढंच आहे. त्या सकाळी तिकडच्या एका पेशंट बाईला तिसरा महिना होता आणि तिच्या नवऱ्याला ते माहीत नव्हतं. दुभाष्याने पेशंटचं बोलणं 'मी' म्हणूनच सांगायचं, हा त्या कामाचा नियम आहे. त्रिवेणीने तो पाळला. तिला दिवस गेलेले नव्हते.