बहिणीच्या झटक्यांची वही

माझे शिक्षण नववीपर्यंतचे. तथापि परळच्या कोर्टाबाहेर मी लिहून दिलेल्या अर्जात फेरफार करण्याची गरज वकिलांनाही सहसा वाटली नाही. दुःख असते तसे कागदावर उतरवले तर साहेब वाचत नाहीत, हे या व्यवसायातले पहिले ज्ञान. कचेरीत घातलेल्या दोन खेपांच्या दहा होतात, चार दिवसांच्या तापाचा 'दीर्घ आजार' होतो. याला मी खोटेपणा मानत नव्हतो. रीत मानत होतो.

माझ्या धाकट्या बहिणीला अपस्माराचे झटके येतात. लालबागच्या चाळीत आम्ही दोघेच राहतो. ती बालवाडीत मदतनीस होती. झटक्यात तिची शुद्ध हरपते; काय घडले ते नंतर दुसऱ्याने सांगावे लागते.

औषधे लागू पडेनात तेव्हा इस्पितळात शस्त्रक्रियेचा विचार सुरू झाला, आणि त्याच सुमारास शरीरक्रियाशास्त्राच्या एका प्राध्यापिकेकडे आम्हाला पाठवण्यात आले. मेंदूतल्या रक्षक पेशींवर त्यांचे संशोधन चालले होते. या पेशी एरवी जंतूंशी लढतात, मोडतोड साफ करतात. परंतु वारंवार झटके येणाऱ्या मेंदूत त्या चवताळलेल्या दिसतात. झटक्यांमुळे त्या चवताळतात, की त्या चवताळल्यामुळे झटके येतात, हे प्राध्यापिकाबाईंना शोधायचे होते. शस्त्रक्रियेत मेंदूचा जो तुकडा निघेल तो तपासायला देण्यास बहीण आनंदाने तयार झाली. सोबत सहा महिन्यांची वही हवी होती: झटका कधी आला, किती मिनिटे टिकला, कोणता हात आधी आखडला. ते लेखन माझ्याकडे आले, हे स्वाभाविकच होते.

पहिल्या आठवड्यात एकच झटका आला. ते पान मला फार दरिद्री वाटले. एवढ्याशा दुःखाला शस्त्रक्रियेचा नंबर कोण देणार? मी तीन लिहिले. पुढे हात सरावला; बिनझटक्याचे दिवसही भरू लागले.

बहीण संध्याकाळी वही वाचत असे. घरात तिला दुसरा साक्षीदार नव्हता.

"दादा, मंगळवारी पहाटे तीनदा फिट आली मला? म्हणून कामावर जाऊ दिलं नाहीस? मला काहीच कसं कळलं नाही?"

"तुला कळत नाही, म्हणून तर लिहितोय," मी म्हणालो.

डॉक्टरांनी वही पाहून गोळ्या वाढवल्या. ती दिवसदिवस सुस्त पडून राहू लागली. एखादे मूल कडेवर असताना आपण कोसळू, या भीतीने तिने बालवाडी सोडली. राजीनामाही मीच लिहिला. मसुदा उत्तम उतरला होता.

शस्त्रक्रियेपूर्वी तिला डोक्याला तारा लावून आठवडाभर कॅमेऱ्यासमोर ठेवले. गोळ्या मुद्दाम कमी करूनही दोनच झटके आले. प्राध्यापिकेने आम्हा दोघांना बोलावून वही पुढ्यात ठेवली. मी अर्जाची रीत समजावून सांगितली. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली.

"तुमचा हेतू कळला," त्या म्हणाल्या. "पण किती झटके सोसलेला मेंदू आहे हेच ठाऊक नसेल, तर त्या तुकड्यात मी काय वाचू?"

औषधे खरोखर निकामी ठरली होती की नाही, हेही आता कोणाला सांगता येईना. शस्त्रक्रिया लांबणीवर पडली. सहा महिने नव्याने नोंदी करायच्या होत्या.

आम्ही घरी परतलो. चाळीच्या जिन्यात बहीण कठड्याला धरून थांबली.

"म्हणजे त्या मंगळवारी मी बरी होते," ती म्हणाली. "पोरांना खाऊ वाटता आला असता."

बालवाडीतली जागा भरली गेली होती. तिला परत घ्यावे म्हणून मी विनंतीअर्ज लिहायला बसलो. तिने माझ्या हातातला कागद काढून घेतला.

नवी वही तिने शेजारच्या काकींकडे दिली. काकी चौथी शिकलेल्या. अक्षर असे, की माझ्यासारख्याने ते दुसऱ्याला दाखवू नये. परवा दुपारी झटका आला तेव्हा मी घरातच होतो. मी तिला कुशीवर वळवले, डोक्याखाली हात धरला. काकी दारात उभ्या राहून घड्याळ पाहत होत्या. शुद्धीवर आल्यावर बहिणीने माझ्याकडे पाहिले, आणि मग नजर दाराकडे वळवली.

"काकी, किती वेळ होते मी तशी?"

"दोन मिनटां, बाय. उजवो हात आधी."

माझ्या मोजणीतही दोनच मिनिटे आली होती. मला कोणी विचारले नाही.