भूकंपरोधक बाप्पा

भूकंप झाला तरी घरातली एकही वस्तू जागची हलणार नाही, अशी व्यवस्था मी केली होती. ती व्यवस्था शंभर टक्के यशस्वी झाली, हेच आमचं दुर्दैव.

आम्ही परदेशात, बेलव्ह्यूला राहतो. इथे सगळं छान आहे. तळी आहेत, डोंगर आहेत, शेजारीपाजारी मराठी बोलणारी माणसं आहेत. फक्त या सगळ्याच्या खाली जमिनीला भेगा आहेत आणि मोठा भूकंप कधीतरी येणार असं सगळे म्हणतात. कधी, ते कुणी सांगत नाही. बाकीचे लोक हे ऐकतात आणि कॉफी प्यायला जातात. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. काय काय बिघडू शकेल याचा विचार करायचाच मला पगार मिळतो, आणि तो विचार संध्याकाळी पाचला बंद करता येत नाही.

आमच्या गल्लीत भूकंपाच्या तयारीची मीटिंग झाली. तिथे सगळ्यांत जास्त प्रश्न मी विचारले. लोकांना घरी जायचं होतं, म्हणून त्यांनी मला एकमताने गल्लीची कॅप्टन करून टाकलं. मला एक नारिंगी जाकीट मिळालं आणि एक शिट्टी. (शिट्टी मी घरातल्या घरात वाजवून पाहिली. नवरा लॅपटॉप घेऊन वरच्या मजल्यावर राहायला गेला.)

मी एकदा मनावर घेतलं की घेतलं. पाण्याचा हीटर पट्ट्यांनी बांधला. पुस्तकांची शेल्फं स्क्रूने भिंतीला पक्की केली. स्वयंपाकघरातल्या आणि गॅरेजमधल्या कपाटांना चुंबकाची कुलपं लावली. बाहेरून काही दिसत नाही, पण दारावर नेमक्या जागी चुंबक धरल्याशिवाय कपाट उघडत नाही. निखिल, म्हणजे माझा नवरा, रोज सकाळी हातात चुंबक घेऊन कपाटं चाचपत चहाचा कप शोधायचा. स्वतःच्या घरात चोरी करायची वेळ आणलीस, असं तो म्हणायचा. मी लक्ष दिलं नाही. कॅप्टनला असली बोलणी खावीच लागतात.

मग मला पुट्टी सापडली. म्युझियममध्ये जुनी भांडी, मूर्ती पडू नयेत म्हणून खाली लावतात, तसली पुट्टी. दिसायला कणकेची गोळी, पण चिकटली की चिकटली! मी फुलदाण्या चिकटवल्या, फोटोफ्रेम चिकटवल्या, निखिलची क्रिकेटची ट्रॉफी चिकटवली. मिठाची बरणीही चिकटवली. ती मात्र चूकच होती, मान्य आहे. जेवताना माणसांनी मिठाकडे जायचं, मीठ माणसांकडे येत नव्हतं. माझी मुलगी अन्वी पंधरा वर्षांची आहे. तिने एवढंच विचारलं, "मम्मा, डू वी स्टिल लिव्ह हिअर, ऑर आर वी ऑन डिस्प्ले?"

या सगळ्यात सांगलीहून माझ्या सासूबाई आल्या.

सासूबाईंबद्दल जरा सांगायला हवं. त्यांच्या घरचा गणपती दरवर्षी घरीच घडायचा आणि तो माझे सासरे घडवायचे. सासरे दोन वर्षांपूर्वी गेले. गेल्या वर्षी सासूबाईंनी दुकानातून मूर्ती आणली आणि पाचही दिवस तिच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत, असं नणंद सांगत होती. या वर्षी इथे आल्या आल्या म्हणाल्या, मूर्ती मी करते. जन्मात कधी केलेली नव्हती. सासऱ्यांच्या शेजारी बसून पाण्याची वाटी पुढे करायची, एवढाच अनुभव. संधिवाताने बोटं वाकडी झालेली. इथे शाडू कुठला मिळायला? कलेच्या सामानाच्या दुकानातून करड्या मातीची पिशवी आणून दिली. सासूबाईंनी ती हुंगून नाक मुरडलं आणि डायनिंग टेबलाचा ताबा घेतला.

दोन आठवडे आम्ही किचनच्या ओट्यापाशी उभ्याने जेवलो. मूर्ती हळूहळू उभी राहत होती. एक कान जरा मोठा झाला होता, सोंड किंचित जास्तच वळली होती, पण डोळे असे काही उतरले की अन्वीसुद्धा फोन बाजूला ठेवून बघत बसायची. सासूबाईंचं एकच म्हणणं होतं. "यांनी इतकी वर्षं मूर्ती केल्या. विसर्जनापर्यंत एकीचं बोट तुटलं नाही कधी. माझीही अखंड जायला पाहिजे गं."

अखंड! हा शब्द माझ्या कानावर पडायला नको होता. माझ्या डोक्यात लगेच टेस्ट केसेस सुरू झाल्या. भूकंप पाच दिवसांतच आला तर? कच्ची माती, अडीच फुटांवरून खाली.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी सासूबाई मोदकांच्या तयारीत होत्या. चौरंगावर मूर्ती ठेवायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं आणि खाली अक्षता घालायला सांगितल्या. मी घातल्या. फक्त अक्षतांच्या मधोमध पुट्टीही घातली. थोडी नाही, अख्खं पाकीट. देवाच्या बाबतीत हात आखडता कशाला घ्यायचा? शिवाय चौरंग मागच्या बाजूने लोखंडी कोन लावून भिंतीला स्क्रूने जखडला. वर जरीचं कापड टाकलं. कुणाला काही कळलं नाही. बाप्पांनाही विचारलेलं नव्हतं.

पाच दिवस दृष्ट लागण्यासारखे गेले. त्यात निखिलने एक कुरापत काढलीच. एवढ्या पाहुण्यांचा स्वयंपाक चुंबकाने होणार नाही म्हणून त्याने स्वयंपाकघरातली माझी सगळी कुलपं काढून टाकली. मी रागाने तो चुंबक उचलला, गॅरेजमधल्या कपाटात आमचं इमर्जन्सीचं सामान असतं त्यात टाकला आणि कपाटाचं दार धाडकन लावलं.

पाचव्या दिवशी रविवार होता. दुपारी विसर्जन. बरीच मंडळी जमली. त्यात देसाई काका आणि काकूही होते. काका फार वर्षांपूर्वी इथे आलेले. विमानं बनवण्यात जन्म गेला, आता रिटायर होऊन प्रत्येकाच्या घरी जाऊन सल्ले देतात. आरती झाली, उत्तरपूजा झाली. आता मूर्ती किंचित हलवायची, की देव निघाले. निखिलने दोन बोटांनी हलकेच धक्का दिला.

मूर्ती हलली नाही.

त्याने चार बोटं लावली. मग दोन्ही तळहात. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. मी तबकातली फुलं नीट करायला लागले. (ती नीटच होती.) देसाई काका म्हणाले, जोर लाव. सासूबाई म्हणाल्या, जोर अजिबात लावायचा नाही, कच्ची माती आहे. मंडळींनी आपलं "पुढच्या वर्षी लवकर या" परत एकदा म्हटलं, जरा मोठ्याने. बाप्पा या वर्षीचेच जायला तयार नव्हते.

तेवढ्यात देसाई काकूंनी हात जोडले. "बाप्पाला इथून जायचंच नाहीये," त्या म्हणाल्या आणि त्यांचा आवाज चक्क भरून आला. झालं! एकाने व्हिडिओ काढला, दुसऱ्याने ग्रुपवर टाकला. पलीकडच्या गल्लीतलं एक कुटुंब चपला घालत घालत आलं आणि पेढे ठेवून गेलं. मी बोलणार होते. देवाशपथ, मी बोलणारच होते, पण एका काकांनी मध्येच मला वाकून नमस्कार केला. ज्या घरात देव थांबला त्या घरची सून म्हणून! अशा वेळी तोंड कसं उघडायचं?

मग माझं लक्ष सासूबाईंकडे गेलं. त्या कडेच्या खुर्चीवर बसल्या होत्या. चमत्काराचं त्यांना काहीच वाटलेलं दिसत नव्हतं. वाकडी बोटं मांडीवर घेऊन त्यांच्याकडेच बघत होत्या. मी जवळ गेले तेव्हा हळूच म्हणाल्या, "यांची मूर्ती कधी अडली नाही गं. माझ्याच हातून काहीतरी राहिलं."

मी हातातलं तबक खाली ठेवलं.

"आई, तुमच्या हातून काही राहिलं नाही," मी म्हणाले. "माझ्या हातून जास्त झालं. मूर्ती चिकटवलीय मी. भूकंपासाठी."

देसाई काकूंनी जोडलेले हात सोडले आणि आता ग्रुपवर काय लिहू म्हणून विचारलं. पेढेवाल्या कुटुंबाचं काय करायचं, यावर दोन मतं पडली. सासूबाई खुर्चीवरून उठल्या.

"अक्षता घातल्या होत्यास?" त्यांनी विचारलं.

"घातल्या होत्या."

"मग ठीक आहे. आता काढ."

काढ म्हणणं सोपं होतं. पाकिटावर लिहिलं होतं, वस्तू हळूच पिळून सोडवा. कच्च्या मातीचा गणपती कुठून धरून पिळणार? देसाई काकांनी खालून दोरा ओढून पाहिला, दोरा तुटला. दुसरा दोराही तुटला. मग ठरलं की मूर्तीला हातच लावायचा नाही, चौरंगच भिंतीपासून सोडवायचा. फक्त स्क्रू काढायचे. त्याला स्क्रूड्रायव्हर हवा. स्क्रूड्रायव्हर इमर्जन्सीच्या सामानात होता. ते सामान गॅरेजमधल्या कपाटात होतं. कपाट चुंबकाने उघडणार होतं. आणि चुंबक, तुमच्या लक्षात आलंच असेल, कपाटात होता.

सगळी मंडळी गॅरेजमध्ये आली. अन्वीने फ्रिजवरचे सगळे शोभेचे चुंबक गोळा करून आणले आणि एकेक दारावर फिरवून पाहिला. त्या कपाटात आमचं पाणी होतं, औषधं होती, टॉर्च होता, खाणं होतं. खरा भूकंप झाला असता तर आम्ही या सगळ्यापासून अर्ध्या इंचावर उपाशी बसलो असतो. हे निखिलने सगळ्यांसमोर बोलून दाखवायची गरज नव्हती. शेवटी देसाई काकांनी पोळीचं उलथनं मागवलं, फटीत घातलं आणि दार बिजागरीसकट उपटून हातात दिलं. आत लाडवांचा डबाही होता. तो रिकामा निघाला. बाप-लेक छताकडे बघत राहिले.

स्क्रू निघाले. निखिलने चौरंग दोन्ही हातांनी धरून किंचित हलवला. चौरंगाबरोबर बाप्पा हलले. आता हे हलणं धरायचं की नाही, यावर काका काहीतरी सांगणार होते. सासूबाईंनी त्यांना हातानेच थांबवलं. हलली म्हणजे हलली, त्या म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर परत रंग आला आणि मला सुटल्यासारखं झालं.

चौरंगासकट बाप्पा विसर्जनासाठी भरून ठेवलेल्या टबमध्ये मावेनात, म्हणून अन्वीचा लहानपणचा फुगवायचा स्विमिंग पूल शोधून अंगणात मांडला. त्यावर बदकांची चित्रं होती. त्या बदकांच्या मधोमध, चौरंगावर बसून, एकही बोट न तुटता बाप्पा पाण्यात गेले. मोठा कान शेवटपर्यंत शाबूत होता. सासूबाई काठाशी उभ्या होत्या. त्यांनी पदराने डोळे पुसले, मग हसल्या. "अखंड गेली," त्या म्हणाल्या. "इतकी घट्ट यांनीसुद्धा कधी बसवली नव्हती."

दुसऱ्या दिवशी माती विरघळून तळाशी बसली. सासूबाईंनी ती कढीपत्त्याच्या कुंडीत घातली. चौरंगावर माझा पुट्टीचा गोळा मात्र अक्षतांसकट तसाच होता. तो अजूनही निघालेला नाही.

पुढच्या शनिवारी खरंच भूकंप झाला.

अगदी छोटा. कपबशा किणकिणल्या, दिवा डोलला. पण अन्वीने मी शिकवल्याप्रमाणे आजीला हाताला धरून झटकन डायनिंग टेबलाखाली नेलं. सासूबाई घेवडा निवडत होत्या, त्या ताटासकट आत जाऊन बसल्या. घरातली एकही वस्तू पडली नाही. गल्लीची कॅप्टन मात्र हातात डाव घेऊन स्वयंपाकघराच्या मधोमध खांबासारखी उभी होती. शिट्टी खुंटीवर, जाकीट कपाटात, आणि पाय काही केल्या उचलत नव्हते.

"मम्मा, मूव्ह!" अन्वी टेबलाखालून ओरडली. मी जागची हलले नाही.

त्यावर सासूबाईंचा शांत आवाज आला.

"अन्वी, बघ गं जरा. हिच्या पायाखाली काही लावलंय का."