हँडब्रेक लावून गाडी कोणी चालवली?

आमच्या जुन्या पिकअपच्या मीटरमध्ये ब्रेकचा लाल दिवा लागला आणि विझेचना. गाडी सुरू केली की सगळेच दिवे क्षणभर लागतात, मग एकेक करून जातात. हा मात्र ठाण मांडून बसला. गाडी बाबा चालवत होते, मी शेजारी होते. मागे साखरपुड्याच्या जेवणाची पातेली, पराती आणि झारे भरलेले. ते सगळं अकराच्या आत दादरच्या एका हॉलवर पोचवायचं होतं.

"बाबा, हँडब्रेक," मी म्हणाले.

"सोडलाय गो बाय."

"मग दिवा का लागलाय?"

त्यांनी दांडा पुन्हा खाली दाबला. दिवा तसाच. मी कपाळाला हात लावला आणि हॉल येईपर्यंत त्या दिव्याकडेच बघत बसले.

लग्नाकार्याची भांडी भाड्याने देण्याचा आमचा धंदा. लालबागला गाळा आहे, तो बाबांनी उभा केला. गुडघे दुखायला लागल्यावर भांडी मोजणं, फोन घेणं, गिऱ्हाइकांशी वाद घालणं हे एकेक करत माझ्याकडे आलं. बाबांकडे उरलं होतं ते फक्त गाडी चालवणं. त्यात मात्र ते कोणाला हात लावू देत नसत. सकाळी सात वाजता खाली उतरून काच पुसायची, टायरला लाथ मारून बघायची आणि मग मला हाक मारायची, हा त्यांचा रोजचा क्रम होता.

घरी येऊन मी गाडीचं पुस्तक शोधून काढलं. त्यात लिहिलं होतं की हँडब्रेक ओढलेला असेल तरी हाच दिवा लागतो आणि ब्रेक ऑइल कमी झालं तरी हाच. दोन तक्रारींना मिळून एक दिवा! आपण बसायचं ओळखत. ज्याने हे ठरवलं त्याला एकदा भरली पातेली मागे घेऊन परळच्या ट्रॅफिकमध्ये बसवायला हवं होतं. मी बॉनेट उघडून ऑइलची बाटली बघितली. ऑइल वरच्या रेघेपर्यंत होतं.

मग आम्ही रे रोडच्या एका गॅरेजमध्ये गाडी नेली. मेकॅनिकने गाडीखाली डोकंसुद्धा घातलं नाही. मीटरकडे बघितलं, बाबांच्या पांढऱ्या केसांकडे बघितलं आणि म्हणाला, "हँडब्रेक लावून पळवलीय कोणीतरी. ब्रेकचे लायनर जळले असणार."

"मी? कधीच नाय," बाबा म्हणाले.

मला ते खरं वाटलं नाही. म्हणजे खरं वाटून घ्यायला मला वेळच नव्हता. मी तिथेच, त्या माणसासमोर म्हणाले, "बाबा, गेल्या महिन्यात माहीमला झारे विसरून आलात. आता हे." मेकॅनिक पाना शोधायला आत गेला. त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

लायनर बदलले, दिवा चालूच. दोन दिवसांनी ऑइलच्या बाटलीचं सेन्सरवालं झाकण बदललं, तरी चालूच. तिसऱ्या खेपेला तो म्हणाला, "ताई, बल्बच काढून टाकतो ना, कटकट नको." माझं डोकंच फिरलं. ब्रेकचा दिवा काढायचा आणि उद्या खरंच ऑइल गळलं तर कळायचं कसं? मी त्याच्याशी भांडले आणि गाडी घेऊन आले. विशेष म्हणजे त्याचा बाकी एक शब्द मी मानायला तयार नव्हते, पण बाबांनी हँडब्रेक लावून गाडी चालवली हे मात्र मी धरून बसले होते.

त्या संध्याकाळी मी बाबांकडून चावी मागून घेतली. "दिवा जाईपर्यंत तुम्ही चालवायची नाही."

ते भांडतील, चिडतील, दोन दिवस बोलणार नाहीत, असं मला वाटलं होतं. त्यांनी खिशातून चावी काढून मुकाट्याने माझ्या हातावर ठेवली. मला त्याचाही राग आला.

मग मी चालवायला लागले आणि ते शेजारी बसायला लागले. गाडी थांबली की त्यांचा हात आपोआप दांड्याकडे जायचा आणि मधेच मागे यायचा. दांडा आता त्यांच्या उजव्या हाताला होता, पण हात सवयीने जायचाच. दोन-तीनदा मी "राहू द्या हो" म्हणून खेकसलेसुद्धा. एकदा दुपारी चहा घेऊन गेले तर ते खुर्चीत डोळे मिटून बसलेले. डावा हात खुर्चीच्या कडेला, बोटं मिटलेली, खाली दाबत होते. वर ओढत होते, परत खाली दाबत होते. मला बघितल्यावर हात मांडीवर घेतला. मी चहा ठेवला आणि बाहेर आले.

आठव्या दिवशी मी एकटीच परळच्या एका म्हाताऱ्या वायरमनकडे गेले. त्याने आधी ऑइलच्या बाटलीची वायर काढली. दिवा चालूच. "म्हणजे ऑइलचा विषयच नाही," तो म्हणाला. मग सीटवर बसून त्याने हँडब्रेकचा दांडा तळहाताने जोर देऊन दाबला. दिवा क्षणभर विझला. "दांडा पुरता खाली बसत नाही. केसभर वर राहतोय, म्हणून आतलं बटण दाबलं जात नाही." त्याने दांड्याभोवतीचं रेक्झिन सोडवलं, खोबणीत स्क्रूड्रायव्हर घातला आणि एक सुपारी बाहेर काढली. तिला हळदीकुंकू लागलेलं होतं.

"पूजा एकदम आतपर्यंत केलीत की ताई," तो हसून म्हणाला.

दसऱ्याला गाडीची पूजा मी करते. त्या दिवशी बॉनेटवर ठेवलेला विडा सारखा घसरत होता, म्हणून मीच तो उचलून आत दोन सीटच्या मधे, हँडब्रेकला टेकवून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी सुकलेली पानं काढून टाकली. सुपारी कुठे गेली हे माझ्या डोक्यातही आलं नाही; ती घरंगळत घरंगळत त्या खोबणीत जाऊन बसली होती. आणि विसरल्याचा ठपका मी ठेवला होता बाबांवर.

दिवा विझला होता. मला आनंद वगैरे काही झाला नाही, सरळ गाळ्यावर आले. बाबा परातींची चळत पुसत बसले होते. मी सुपारी त्यांच्यापुढे धरली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. विडा मी ठेवला होता, चूक माझी होती, तुम्ही हँडब्रेक लावून गाडी चालवली नव्हतीत.

"सापडली ना, बरा झाला," ते म्हणाले.

मी चावी पुढे केली. "उद्या गिरगावची ऑर्डर तुम्ही न्यायची."

"नको. तूच चालव."

"अहो बाबा, तुमची चूक नव्हतीच. ऐकलंत ना? तुम्ही एकदाही असं केलेलं नाही."

त्यांनी परात उलटी करून मागची बाजू पुसली. मग माझ्याकडे न बघता, अगदी समजुतीच्या आवाजात म्हणाले, "ह्या वेळी नसेल केला. पण कधीतरी केला असेल गो बाय. मलाच आठवत नसेल."

आठ दिवस मी त्यांना हेच पटवत होते. ते त्यांना पटलं होतं.