मुकादमाची लस

खिडक्यांना डासांची जाळी बसवून देणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे जाळीवाले म्हणूनच ओळखत. काम चोख. जाळी चौकटीत ताणली की तिच्यावर टिचकी मारून बघत. आवाज टणक आला तरच हत्यारं पिशवीत जात. नमुना म्हणून ते गिऱ्हाइकाला स्वतःचंच घर दाखवत आणि वर सांगत, "आमच्या घरात डास शिरलाच तर परवानगी घेऊन शिरेल."

त्या घरात मुलीने आपला ससा आणून ठेवला. नव्या नोकरीमुळे तिची सारखी फिरती असे. ससा पांढरा, गुबगुबीत. स्वतः काडी हलवायचा नाही, पण दुसऱ्याच्या कामावर टक लावून बसायचा. म्हणून त्याचं नाव मुकादम. जाळीवाल्यांनी आधी नाक मुरडलं. पुढे पुढे तो पायाशी येऊन बसल्याशिवाय त्यांना चहा गोड लागेना. अर्थात हे त्यांनी कुणाजवळ कबूल केलं नव्हतं.

मग एके दिवशी मुलीचा फोन आला. मुकादमाला लस टोचून आणायची होती. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं, घरातल्या सशालाही लस हवीच. डास-पिसवांतून रोग येतात आणि एकदा झाले की ससा बहुधा हाती लागत नाही. जाळीवाल्यांना हे भलतंच झोंबलं. ससा बाहेर जात नाही, डास आत येत नाही, मग सुई कशाला? लस घ्यायची म्हणजे आपल्याच जाळीविरुद्ध साक्ष द्यायची. त्यांनी साफ नकार दिला.

मुलगीही त्यांचीच. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, मग रविवारी मी त्याला मैत्रिणीकडे नेऊन ठेवते. ती नेईल डॉक्टरकडे."

त्यांनी फोन ठेवला. बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, "जाऊ द्या की. तुम्हाला कुठे त्याचा लळा आहे?"

शनिवारी एक बाई जाळीचा नमुना बघायला आल्या. जाळीवाल्यांनी टिचकी मारली, ठरलेलं वाक्य म्हटलं आणि त्याच क्षणी स्वतःच्याच टकलावर फाडकन चापट मारली. तळहातावर डास. बाई सभ्यपणे छताकडे बघू लागल्या, मग विचार करून कळवते म्हणून निघून गेल्या.

घरभर शोध सुरू झाला. गॅलरीच्या दारापाशी पडदा सरकवला, तर जाळीच्या खालच्या कोपऱ्यात चांगलं वाटीएवढं भोक. शेजारी मुकादम बसलेला, मिशीला नायलॉनचा एक धागा लोंबत होता.

बायको वाकून बघत म्हणाली, "परवानगी मुकादमांनी दिली होती वाटतं."

जाळीवाल्यांनी टोपली काढली, मुकादमाला आत बसवलं आणि थेट दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी लस टोचली. तिचा गुण यायला थोडे दिवस लागतात, तोवर डासांपासून जपा, घरात जाळी असेल तर फारच उत्तम, असं त्या म्हणाल्या. जाळीवाल्यांची मान पुन्हा ताठ झाली.

संध्याकाळी त्यांनी दाराला स्टीलची जाळी ठोकली. मुकादम समोर बसून देखरेख करत होता. टिचकी टणक वाजली. तेवढ्यात मुलीचा फोन आला. लस झाल्याचं ऐकून ती खूश झाली, पण उद्या येऊन त्याला नेऊ की नको, असं तिने विचारलं.

"छे, छे, त्याला अजिबात हलवायचं नाही," जाळीवाले गंभीरपणे म्हणाले. "डॉक्टरांनी सक्त विश्रांती सांगितलीय."

दवाखान्यात बायकोही सोबत होती. ती फक्त हसली आणि चहा टाकायला उठली.