पुळणीवर पावलं वाचणाऱ्या बाई

आमच्या खो-खोच्या बाई माणसाच्या तोंडाकडे कधी बघत नसत. पायांकडे बघत. शाळेच्या फाटकातून आत पाऊल टाकलं की प्रश्न यायचा, "काय गो, घोटा कधी मुरगळलास?" आपण आदल्या संध्याकाळपासून आईलासुद्धा पत्ता लागू दिलेला नसायचा. "कोणी सांगितलं बाई?" असं विचारलं की त्या शांतपणे म्हणायच्या, "तुझ्या पायाने सांगितलंन." त्यावर वाद घालायची सोय नसे.

रत्नागिरीत त्यांना बर्फबाई म्हणत. त्याला कारण होतं. तेव्हा कुठेही मुरगळलं, लचकलं की घरोघरी तेल लावून चोळायची पद्धत होती. माझ्या आईने तर चोळून चोळून माझ्या घोट्याचा भोपळा केला होता. बाईंना हे कळलं की त्या संतापायच्या. "सुजलेलं चोळतात होय? आत शीर दुखावल्येय, तिला आणखी कुठे रगडता!" मग त्या स्वतः स्कूटरवरून बंदरावर जाऊन मासे ठेवायचा बर्फ गोणपाटात बांधून आणत. त्याला बांगड्याचा सणसणीत वास. पायाला तो बर्फ बांधून आम्ही गणिताच्या तासाला बसायचो आणि मुलगे नाक धरून बाकं बदलायचे. मी एकदा तक्रार केली तर म्हणाल्या, "वास येतोय तर येऊ दे. मांजर मागे लागलं तर मला सांग."

आमचं मैदान जांभ्याच्या कातळावर माती पसरून केलेलं. वरून मऊ, आतून दगड. त्यावर धावून नडग्या ठणकायच्या, खांबाशी वळताना गुडघे कुरकुरायचे, सूर मारला की कोपरं सोलायची. बाईंचं एक ठरलेलं म्हणणं होतं, "दुखरा पाय लबाड असतो. आपण गप्प बसतो आणि दुसऱ्याला ओरडायला लावतो." एका मुलीची डावी कंबर महिनाभर दुखत होती. बाईंनी कंबरेला हातही लावला नाही. तिची उजवी टाच अंगठ्याने दाबली, तशी ती पोरगी किंचाळली. टाच वाचवण्यासाठी ती सगळा भार डावीकडे टाकत होती, आणि हे तिचं तिलाच माहीत नव्हतं.

मोठ्या सामन्याच्या आदल्या दिवशी बाई आम्हाला सकाळी ओहोटीच्या वेळी भाट्याच्या पुळणीवर नेत. ओल्या वाळूवरून एकेकीने अनवाणी पाण्यापर्यंत चालत जायचं, प्रत्येकीची ओळ वेगळी. आम्ही चालत असताना बाई मात्र सुरूच्या झाडांकडे तोंड करून उभ्या राहत. "कोणी बघत असलं की माणूस शहाण्यासारखं चालतं," असं त्या म्हणत. आम्ही पाण्याशी पोचून हाक मारली की त्या वळायच्या, एकेका ओळीवर वाकायच्या आणि निकाल सांगायच्या. टाच कमी रुतली असेल, एक पाऊल आखूड पडलं असेल, तर ती मुलगी दुसऱ्या दिवशी बाहेर. रडून उपयोग नसे.

आमचा संघ विभागाच्या अंतिम सामन्यात पोचला त्या वर्षी मी दहावीत होते. शाळेच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडत होतं. पळण्यात मी संघात सगळ्यांच्या पुढे, आणि नेमका माझा उजवा गुडघा आठवडाभर सुजलेला. मी तो पट्टी बांधून लांब विजारीखाली लपवला होता आणि बाईंसमोर जपून सरळ चालत होते. पुळण मात्र चुकणार नव्हती. मग मी माझ्या मैत्रिणीला, नंदाला, गळ घातली. ती आधी आपली ओळ चालली, कडेच्या गुरांनी तुडवलेल्या वाळूतून गुपचूप मागे आली आणि माझ्या नावाची दुसरी ओळ चालून गेली. मी त्याच तुडवलेल्या वाळूतून लंगडत पाण्याशी पोचले. सगळ्यांनी हाक मारली. बाई माझ्या ओळीपाशी जरा जास्तच थांबल्या. मग पदराने कपाळ पुसून म्हणाल्या, "ठीक आहे. उद्या सगळ्या खेळा."

सामना आम्ही जिंकलो. मी मात्र तो शेवटपर्यंत पाहिला नाही. हुलकावणी देऊन उजवीकडे वळले तेव्हा पाय जमिनीवर तसाच राहिला आणि अंग फिरलं. गुडघ्यात टक्कन आवाज झाला, इतका स्पष्ट की मला वाटलं, बाकीच्यांनाही ऐकू गेला असणार. बाई धावत आल्या. ढाल घ्यायला बोलावत होते तरी त्या उठल्या नाहीत, माझ्या गुडघ्यावर बर्फ धरून बसून राहिल्या. मला त्यांनी एका शब्दानेही काही विचारलं नाही.

डॉक्टर म्हणाले, गुडघ्यातला बंध तुटलाय, खेळ विसरायचा. खेळ विसरणं जमलं. बाईंचा तो न विचारलेला शब्द विसरता आला नाही. त्यांनी खो-खो सोडला, पुळणीवर जाणंही बंद केलं, आणि हे माझ्या लबाडीमुळे झालं अशी माझी पक्की खात्री होती. लग्न होऊन मी मिरजोळ्याला आले, म्हणजे बाईंच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर. तरीही बाजारात त्या लांबून दिसल्या की मी पहिल्या दुकानात शिरायची. एकदा तर गरज नसताना छत्र्यांच्या दुकानात अर्धा तास काढला. अशी वीसपेक्षा जास्त वर्षं मी वाया घालवली.

गेल्या पावसाळ्यानंतर नंदाचा नाटे गावाहून फोन आला. "बाई आजारी आहेत. तुझी आठवण काढतायत. आता तरी जा गो." गेले. पायरीवर पाय धुतले आणि ओल्या पायांनी पडवीतून आत गेले. बाई आरामखुर्चीत, पार वाळलेल्या. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. माझ्या मागे फरशीवर उमटलेल्या पावलांकडे पाहून म्हणाल्या, "उजवी टाच अजून टेकत नाहीस. डावी कंबर दुखत असेल."

दुखतच होती. मी त्यांच्या पायाशी बसले आणि इतकी वर्षं पाठ केलेलं बोलून टाकलं. "बाई, त्या दिवशी ती ओळ माझी नव्हती. मी फसवलं तुम्हाला."

"नंदाची होती," बाई म्हणाल्या. "तिच्या डाव्या पायाची करंगळी जमिनीला टेकत नाही. दोन्ही ओळींत टेकली नव्हती."

"म्हणजे तुम्हाला कळलं होतं?"

"तेव्हाच कळलं. मग मनात आलं, जन्मभर पोरी पळवल्या, अंतिम सामना कधी बघितला नाही. एका दिवसाने काय होतंय? तू कसली फसवत्येस मला. मलाच फसायचं होतं. नंतर बाजारात तू दिसलीस की मीच तोंड फिरवायची."

आम्ही दोघीही रडलो. मग त्यांनी डोळे पुसून टॉवेल आणायला सांगितलं. त्याची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवायची, मांडी आवळून खाली दाबायची, दहापर्यंत मोजायचं. "आता काय उपयोग बाई, केस पिकले माझे." "केसांनी चालत्येस का तू?" त्यांनी विचारलं. त्यानंतर पाच महिने मी दर रविवारी गेले. पाय धुऊन आत यायचं, बाईंनी पावलं बघायची, "अजून थोडी" म्हणायचं, मग चहा. त्या रविवारांइतकी कशाची वाट मी आयुष्यात पाहिली नाही.

त्यांच्या तेराव्याला गेले तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. सवयीने मी पायरीवर पाय धुतले, आत आले आणि मागे वळून पाहिलं. फरशीवर उजवं पाऊल टाचेपासून बोटांपर्यंत पूर्ण उमटलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "बाई, बघा" म्हणायला मी खुर्चीकडे वळले. खुर्ची कोणीतरी भिंतीकडे सरकवून ठेवली होती. मी तिथेच उभी राहून ते पाऊल वाळेपर्यंत बघत राहिले.